हाडातली रेघ

दातांच्या दवाखान्यात शिंपीकाका सुजलेल्या गालाला रुमाल लावून बसले होते. बोलवत नव्हतं, पण कान शाबूत होते. शेजारच्या बाकावर एक बहीण-भाऊ स्कॅनची फिल्म उजेडाला धरून बघत होते.

"डॉक्टर काय म्हणाले, ताई? नीट सांग."

"गालाच्या हाडात हवेची पोकळी असते म्हणे. माझ्या पोकळीत मधोमध हाडाचा पातळ पडदा आहे, जन्मापासूनचा. कितीतरी जणांना असतो. त्याने काही होत नाही."

"म्हणजे ही पांढरी रेघ?"

"हो."

"बाबांच्या फिल्ममध्येही अशीच होती ना गं?"

"अगदी अशीच. म्हणून तर आज मुद्दाम विचारलं."

"मग बाबांनी का नाही विचारलं?"

"त्यांचे डॉक्टर नुसतं दाढेबद्दल बोलले. रेघेचं नावही काढलं नाही. बाबांनी घरी येऊन फिल्म खिडकीत धरली, रेघ पाहिली आणि मनाशी धरून बसले, की डॉक्टर लपवतायत."

"म्हणून चालतं दुकान बंद केलं?"

"म्हणूनच. तुझं लग्न घाईघाईत उरकलं, तेही म्हणूनच."

"दर वाढदिवसाला म्हणायचे, हा शेवटचा."

"आणि गेले चांगले म्हातारे होऊन, झोपेत."

"आईला सांगायचं?"

"काय सांगणार? ती अजून येईल-जाईल त्याला सांगते, एवढा मोठा आजार अंगावर काढला, पण माणूस कधी कण्हला नाही."

"मग?"

"मग काही नाही. ताईची दाढ काढायचीय, एवढंच सांग."