पण गोळी तीच ना?

कोणी म्हणजे कोणी विश्वास ठेवला नाही हो माझ्यावर! नवऱ्याने नाही, पोराने नाही, डॉक्टरने तर नाहीच. "यादम्मा, डोकं फिरलंय तुझं!" म्हणे. आता तुम्हीच ऐका आणि सांगा, फिरलंय का!

तारनाक्याच्या बाजारात आमचं मटणाचं दुकान. गल्ल्यावर अंजय्या, माझा नवरा, आणि सुरा माझ्या हातात. तो हातच लागला थरथरायला! गिऱ्हाईकं दोन पावलं लांब उभी राहायला लागली. शिवाय छातीत धडधड. डॉक्टरने गोळी दिली, प्रोप्रानोलॉल. हात असा थांबला, जसा देवळाचा खांब! सुखात होते हो... तेवढ्यात आली प्रत्यूषा.

ही शेजारच्या प्रयोगशाळेत शिकते. लोक काळीज नेतात, भेजा नेतात, खूर नेतात. ही बया बर्फाच्या डब्यातून काय नेते, तर बकऱ्याच्या हृदयाची जाड नळी, जी आम्ही कुत्र्याला टाकतो! म्हटलं, काय करतेस गं हिचं? तर म्हणते, "अक्का, या नळीच्या भिंतीत स्नायूच्या पेशी असतात. त्यांच्यातली चरबी निरोप देते. आवळ, सैल सोड, वाढ, असे." चरबी! निरोप! अहो, जन्म गेला माझा चरबी तासण्यात, एकदा तरी म्हणाली का, 'यादम्मा, जेवलीस का?'

"चला, दाखवतेच," म्हणाली. आणि मी गेले. कशाला गेले!

आत गार, पांढरं, मुडद्यासारखं सगळं. थाळीत नळीच्या पेशी वाढवलेल्या. तिने एका पांढऱ्या पाटीवर डाग दाखवले. "ही एक चरबी, अक्का. हिची ही दुसरी होते, मग निरोप पुढे जातो. आता औषध घातल्यावर बघा." बघते तर काय, पहिला डाग फुगलेला काळाकुट्ट, दुसरा जवळजवळ गायब! "औषधाने मधली वाट अडवली, म्हणून पहिली साचली." म्हटलं, कुठलं गं औषध? कशी गोड हसून म्हणते, "प्रोप्रानोलॉल."

तुम्हाला सांगते, पायाखालची फरशी सरकली. माझी गोळी! रोज सकाळी जोंधळ्याच्या भाकरीनंतर गिळते ती! म्हणजे माझ्याही नळ्यांत निरोप तुंबलेत? ते सैल सोडायला सांगताहेत, आणि आत कोणाला ऐकूच जात नाही? रात्रभर मनगट दाबून नाडी ऐकत बसले. अंजय्या म्हणतो, "अगं, ती बकऱ्याची नळी." बकऱ्याची असेल... पण गोळी तीच ना? पोरगा म्हणतो, "अम्मा, डॉक्टरला तरी विचार." विचारते कशाला? दिली कोणी? त्यानेच!

बंद केली. एकदम. कोणाला न सांगता.

आणि आला बोनालूचा, आमच्या देवीच्या सणाचा रविवार! दुकानापुढे ही रांग, सगळ्यांना आधी हवं. मी सुरा उचलला, तर हात असा नाचतोय, जसं अंगात आलंय. सुरा पडला तो अंगठ्याला चाटून! त्यात छातीत घोडा उधळला... डोळ्यांपुढे अंधार. वाटलं, आता मीच पडले ठोकळ्यावर. अंजय्या बोंबलतोय, "यादी! ए यादी!" आणि एक बाई मागून, "आधी माझं अर्धा किलो तोला हो!"

दवाखान्यात डॉक्टर कडाडला, "ही गोळी अशी एकदम सोडतात का? हृदय उधळतं! जीव गेला असता!" प्रत्यूषा रडत धावत आली. "अक्का, थाळीत मी कितीतरी पट जास्त औषध ओतते! शेरव्यात चिमूटभर मीठ आणि शेरव्यात अख्खं पोतं, सारखं का?" म्हटलं, नाही गं बाई... पण मीठ तेच ना?

मग उभ्या उभ्या पंचायत बसली. अंजय्या म्हणतो, चूक प्रत्यूषाची. प्रत्यूषा म्हणते, मी बंद कर म्हटलंच नव्हतं. डॉक्टर म्हणतो, मला विचारलंच नाही. सगळे बघताहेत माझ्याकडे! गोळी पुन्हा सुरू. रोज गिळते, आणि गिळताना आतल्या आत किंचाळते. घेतली तर तुंबण्याची भीती, सोडली तर घोड्याची! शेवटी म्हटलं, डॉक्टरसाहेब, मुळात हा हात थरथरतो कशाने, ते तरी सांगा. तो कागदावरून मान वर न करता म्हणाला, "असा कंप बहुतेक घराण्यातून येतो. आईवडिलांपैकी कोणाचा हात थरथरायचा?"

थरथरायचा ना! चहाची बशी धरली की पायजमा भिजायचा. आम्ही आयुष्यभर ताडीला शिव्या घातल्या, तो बिचारा शपथा घ्यायचा, थेंबही घेतला नाही म्हणून... आता त्याच्याशी भांडायला वर जायचं का? लिहा साहेब, लिहा खुशाल गुन्हेगाराचं नाव... माझा बाप, ओदेलू.