वरची बाजू

हेडसर : आधी पाणी प्या बाई, मग बोलू. म्हणजे कसं आहे, तुम्ही येणार हे नुसतं कळवलं असतंत ना, तर मी…

बाई : तर तुम्ही काय केलं असतंत, सर?

हेडसर : निदान पोरांना आज बोलावलं नसतं. उद्या शाळा उघडणार, म्हणजे आज बाक हलवायचे. नववीची पोरं आपापले बाक उचलून वरच्या मजल्यावर दहावीच्या वर्गात नेणार, भिंतींचे पोपडे काढणार, आरडाओरडा करणार. तुमच्या कानांवर आज ते सगळं पडू नये असं वाटत होतं मला.

बाई : ही रीत मला नवी आहे का? दरवर्षी जिन्यात उभी राहून मीच ओरडते त्यांच्यावर.

हेडसर : तेच तर म्हणतोय. यंदा नका ओरडू. यंदा दहावी घेऊच नका तुम्ही. चित्रकलेचे सर वर्ग सांभाळतील. गणिताला कुणीतरी बघू. अहो, पोटची पोर सुट्टीत गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. आणि शाळा उघडल्या उघडल्या तिच्याच वर्गासमोर उभं राहायचं? शत्रूलाही कुणी सांगणार नाही असं.

बाई : मी वर्ग मागायला आलेच नाही. नोकरी सोडतेय, एवढं सांगायला आले. आणि एक वस्तू मागायला.

हेडसर : नोकरीचं आपण नंतर बघू. वस्तू कुठली?

बाई : तिचा बाक.

हेडसर : बाक? म्हणजे, बसायचा?

बाई : हो. त्यावर तिनं माझं चित्र कोरलं होतं. कर्कटकाच्या टोकानं. अंबाडा, चष्मा, सगळं. भर तासाला कोरत होती. तास संपेपर्यंत मी तिला बाहेर उभी केली होती. तुम्ही तिथून चालला होतात, आठवतं? म्हणालात, बाई, घरच्याच पोरीला कशाला एवढी शिक्षा?

हेडसर : आठवतं. तुम्ही म्हणालात, शाळेत मला घरचं कुणी नाही.

बाई : बोलून गेले खरी.

हेडसर : अहो, ते आपलं बोलण्याच्या भरात…

बाई : भरात नाही. तसंच वागायचे मी. पुढच्याच आठवड्यात भर वर्गात तिच्या तोंडून 'आई' निघून गेलं. 'आई, हे उदाहरण परत सांग ना.' पोरं खो खो हसली. मी म्हटलं, वर्गात बाई म्हणायचं, चुकलीस, पुन्हा विचार. तिनं पुन्हा विचारलं. कान लाल झाले होते तिचे. आता तो बाक मला घरी हवाय. वह्या आहेत घरी, पण त्या सगळ्या बाईंना दाखवायला लिहिलेल्या. चित्र तेवढं तिनं स्वतःच्या मनानं काढलं होतं.

हेडसर : घेऊन जा. बाक शाळेच्या मालकीचा वगैरे सगळं मी बघतो. कुणी विचारलं तर म्हणेन, वाळवी लागली. कोपऱ्यावरच्या टेम्पोवाल्याला बोलावतो. तुम्ही इथंच बसा.

बाई : नको. मी वर्गात जाऊन थांबते.

(नववीचा वर्ग. बाक गेल्यामुळे रिकामा. मधोमध एकच बाक उरला आहे आणि त्याच्या डेस्कवर एक उंच मुलगी पाय सोडून बसली आहे.)

शिडी : बाई! तुम्ही… तुम्ही आत नका येऊ.

बाई : का ग? आणि डेस्कवर बसतं का कुणी? उतर खाली.

शिडी : नाही उतरणार.

बाई : शिडी, मी शांतपणे सांगतेय. बाकीची पोरं वर गेली ना? मग तू एकटी इथं काय करतेयस?

शिडी : राखण.

बाई : बाकाची?

शिडी : मुलं आली होती उचलायला. मी म्हटलं, हात लावाल तर बघा. आपला बाक आपल्या जोडीनंच उचलायचा, हा नियम आहे. माझी जोडी… म्हणजे एकटीला काही तो उचलत नाही. ओढून बघितला. करकरतो नुसता.

बाई : तुला आता उचलायला नकोच. मी घेऊन जातेय तो.

शिडी : वर?

बाई : घरी. सरांना विचारलंय. टेम्पो येतोय.

शिडी : नका नेऊ, बाई. प्लीज. तुमच्या पाया पडते.

बाई : अग, रडायला काय झालं? तुला दुसरा बाक देतील.

शिडी : त्यासाठी नाही.

बाई : मग कशासाठी? बाजूला हो बघू. मला फक्त बघू दे एकदा. हात लावू दे. उतर म्हणते ना! एकदा सांगून कळत नाही?

शिडी : उतरते. पण आधी ऐकून घ्या. माझं ऐका ना, बाई.

बाई : …हे काय?

शिडी : बाई…

बाई : हे काय आहे? चित्र कुठं गेलं? हा बाक नाही तिचा. तिचा तिसऱ्या रांगेतला, खिडकीकडचा.

शिडी : हाच आहे.

बाई : खोटं बोलू नकोस! हा तर नवा दिसतोय.

शिडी : मी घासला. पॉलिश पेपरनं. सकाळपासून घासत होते. मग वॉर्निश लावलं. बाबांकडचं आणलं होतं थोडं.

बाई : कुणी सांगितलं होतं तुला?

शिडी : कुणी नाही.

बाई : ओल्या फडक्यानं पुसायचे असतात बाक! एवढंच करायचं असतं! दरवर्षी एवढंच करतो आपण! पॉलिश पेपर घेऊन बसायला तुला कुणी सांगितलं? तू काय केलंस, कळतंय का तुला? एवढंच होतं माझ्याकडे. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही, तेव्हा मी स्वतःला समजावते, शाळेत तो बाक आहे, त्यावर तिच्या हातचं आहे, जाऊन आणायचं. आणि तू ते पुसून टाकलंस. गुळगुळीत करून ठेवलंस!

शिडी : मला मारा, बाई.

बाई : गप्प बस.

शिडी : मला वाटलं, उद्या तुम्ही वर्गात याल. फळ्यावर काहीतरी लिहाल, मागे वळाल आणि समोर हेच दिसेल. तुमचंच चित्र, तिनं काढलेलं. आणि सगळा वर्ग तुमच्या तोंडाकडे बघेल, बाई रडतात का म्हणून. मला ते नको होतं. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल. देवाशपथ.

बाई : हात दाखव तुझे.

शिडी : काही नाही झालेलं.

बाई : दाखव म्हणते ना. अग बाई… सालटी निघालीत सगळी बोटांची. आणि त्यावर वॉर्निश? झोंबत नाही?

शिडी : झोंबतंय.

बाई : वेडी आहेस का ग तू?

शिडी : ती पण हेच म्हणायची. शिडी नुसती उंच, वरचा मजला रिकामा.

बाई : चिमणीला बरं सुचायचं असलं काहीतरी. स्वतः एवढीशी, आणि जीभ हातभर.

शिडी : बाई, किती दिवसांनी कुणीतरी तिचं नाव घेतलं माझ्यासमोर. मी आले की सगळे गप्प होतात. माझ्याशी हळू आवाजात बोलतात, मीच आजारी असल्यासारखं.

बाई : तू घरी का नाही आलीस? एरवी रोज असायचीस. नंतर एकदाही नाही. मी वाट बघत होते.

शिडी : आले होते. दोनदा. दारापर्यंत. दाराशी तिच्या चपला दिसल्या आणि परत फिरले.

बाई : अजून तिथंच आहेत. मला उचलवत नाहीत. बाकाच्या खालच्या बाजूला काही आहे का बघू. थांब, वाकू दे मला. इथं खाली काहीतरी लागतंय हाताला.

शिडी : बाई, ते…

बाई : हे काय चिकटलंय? तिचं?

शिडी : नाही. माझं आहे. च्युइंगम. सहामाहीचं.

बाई : शी! छे बाई!

शिडी : मी खालून-वरून सगळं बघितलंय, बाई. तिचं काही नाही उरलेलं. असतं तर तुम्ही आल्या आल्या दाखवलं असतं.

बाई : मी ते चित्र नीट बघितलंही नव्हतं ग. अंबाडा दिसला, चष्मा दिसला, आणि रागानं डोकंच फिरलं. म्हटलं, चल ऊठ, बाहेर हो. तोंड कसं काढलं होतं, तेही बघितलं नाही मी. आता शोधायला निघालेय.

शिडी : मला माहितीय ना. मी वर्षभर त्यावर कोपर टेकवून बसलेय. अंबाड्यात पेन खोचलेलं होतं.

बाई : पेन?

शिडी : तुम्ही खोचता ना, आणि मग वर्गभर शोधता. चष्मा एका बाजूला कललेला. मान जरा वाकडी. आणि गालावर खडूचा डाग, कारण तुम्ही खडूच्या हातानंच गाल खाजवता.

बाई : आणि तोंड? रागावलेलं होतं ना?

शिडी : नाही. हसत होतं.

बाई : हसत?

शिडी : दात दिसत होते. मी म्हटलं होतं तिला, चिमणे, हे चुकलं, बाई कुठे हसतात? तर म्हणाली, 'घरी हसते.' बाई, रडू नका ना. मी सांगायला नको होतं का?

बाई : रडू दे मला जरा. काय म्हणाली? पुन्हा सांग.

शिडी : 'घरी हसते.' आणि म्हणाली, 'तुम्हाला काय माहिती, तुम्हाला नुसत्या बाई भेटतात. मला दोघी भेटतात.'

बाई : असं म्हणाली?

शिडी : हो. जरा तोऱ्यातच म्हणाली. मला राग आला होता तिचा. माझी आई दिवसभर कामावर असते ना.

बाई : मला एवढंच वाटत होतं, की ती मनात काहीतरी धरून गेली. बाहेर उभं केल्याचं. चारचौघांत 'चुकलीस' म्हटल्याचं. तापात पडली होती तेव्हाही विचारवलं नाही मला.

शिडी : छे! बाहेर उभी होती तेव्हा खिडकीतून मला तुमच्या नकला करून दाखवत होती. मी हसले, म्हणून तर तुम्ही मलाही उभी केलीत.

बाई : हो ग. तुम्ही दोघीही होतात तेव्हा बाहेर. आणि बाहेर उभ्या राहूनही तुमची खुसपूस चालूच.

शिडी : मला ते चित्र पाठ आहे, बाई. अगदी रेघ न रेघ. म्हणाल तर आत्ता काढून देते, अगदी तसंच. कर्कटक आहे माझ्याकडे. वॉर्निश अजून पुरतं वाळलं नाही, पटकन कोरता येईल.

बाई : खबरदार! शाळेच्या बाकावर एक रेघ जरी मारलीस ना, तर उद्या पहिल्या तासाला बाहेर उभी करीन.

शिडी : …म्हणजे तुम्ही येणार उद्या? बाई, येणार ना? माझ्या शेजारी बसायला कुणी तयार नाही. म्हणजे वाईटपणानं नाही. त्यांना कळत नाही, बसावं की बसू नये. मलाही कळत नाही, कुणी बसलेलं चालेल की नाही. पण समोर तुम्ही असाल तर मी बसेन एकटी. चित्रकलेच्या सरांसमोर नाही बसवणार मला. मी आईला सांगितलंय, बाई नसतील तर मी शाळा बदलणार.

बाई : आई काय म्हणाली?

शिडी : म्हणाली, दहावीच्या वर्षी कोण घेणार तुला, कपाळ माझं?

बाई : खरंय त्यांचं.

हेडसर : बाई, टेम्पो आलाय. गडी पण आहे बरोबर. म्हणजे कसं आहे, तो थांबायला तयार नाही, दुसरीकडे जायचंय म्हणतो.

बाई : परत पाठवा त्याला, सर.

हेडसर : परत? बाक नाही न्यायचा?

बाई : न्यायचाय. वर.

हेडसर : बरं. बरं बरं. आणि ते मघाशी तुम्ही नोकरीचं म्हणालात…

बाई : मी काही लिहून दिलंय का तुम्हाला?

हेडसर : नाही बुवा. मी तर काही ऐकलंसुद्धा नाही. मुलांना पाठवू का उचलायला?

शिडी : नको, सर! जोडीनंच उचलायचा असतो.

बाई : ऐकलंत ना? नियम आहे. तुम्ही जिन्यातली पोरं तेवढी बाजूला करा.

हेडसर : करतो. तुम्ही सावकाश या. काही घाई नाही.

शिडी : बाई, तुम्ही वरची बाजू घ्या. उंच माणूस खाली लागतं, नाहीतर बाक कलंडतो. गेल्या वर्षी आठवीतून बाक वर आणताना चिमणीनंही वरचीच घेतली होती. तुमची उंची तिच्याएवढीच तर आहे.

बाई : म्हणजे मी पाठमोरी चढायची? मला पायऱ्या कशा दिसणार?

शिडी : नाही दिसणार. मी सांगते ना. तिलाही मीच सांगितल्या होत्या. वॉर्निशला हात लावू नका, कडेला धरा. धरलंत? उचला. दारातून जरा तिरकं. हं, हळू. आता पायरी.

बाई : हं.

शिडी : पायरी.

बाई : जड आहे ग बाक.

शिडी : ती पण हेच म्हणत होती, सगळा जिना. टेकवायचा का जरा?

बाई : नको. टेकवला तर पुन्हा उचलवायचा नाही मला. चल तू.

शिडी : पायरी. पायरी. आता वळण आलं, कोपर सांभाळा, भिंत खरखरीत आहे. झालं. पायरी. पाय नीट उचल, चिमणे, नाहीतर दोघी पडू… बाई, चुकले मी. तोंडातून निघून गेलं.

बाई : काही चुकलं नाही. पुढची पायरी सांग.