कुरामोचीबाईंचा एक नग

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, संचालक यासुओका साहेब. मंचावर बसलेले कारखान्याचे जुनेजाणते प्रमुख कामिजो साहेब. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या आमच्या कुरामोचीबाई. आणि बाहेर एवढा बर्फ असताना सुवा शहर गाठलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

बाईंबद्दल चार शब्द बोल, असा मला हुकूम झाला. खरं तर बाईंना शब्दांचा कंटाळा, त्यांना आवडतात रेषा. पस्तीस वर्षं त्यांनी कॅमेऱ्यांच्या विक्रीच्या रेषा वाचल्या. तो जडशीळ डीएसएलआर कॅमेरा उताराला लागला तेव्हा आपण सगळे मंदीला शिव्या देत होतो. बाई म्हणाल्या, "मंदी कसली? लोकांचे खांदे दुखतात." नवा हलका मिररलेस कॅमेरा चढू लागला, तेव्हा विक्री खात्याने साके दारूचं पिंप फोडलं. बाईंनी पेला उपडा ठेवला. म्हणाल्या, "नवीन माणूस एकही आलेला नाही. जुनंच गिऱ्हाईक या खोलीतून त्या खोलीत गेलंय." तसंच निघालं, हे यासुओका साहेब नाकारणार नाहीत. नाकारणार का, साहेब?

मी, हातानाका, त्यांच्या हाताखाली सोळा वर्षं काढली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा तक्ता परत केला होता. "दुकानात पोचला म्हणजे विकला गेला, असं तुला कुणी सांगितलं? माणसाने पिशवीत घालून नेला, तर विकला. तोवर तो शिल्लक."

हे वाक्य मी पुढे फार वेगळ्या अर्थाने ऐकलं. ते सांगायला आज उभा आहे. आपल्या मासिक अहवालाच्या तळाशी एक ओळ असते : बंद झालेला छोटा कॅमेरा, शिल्लक एक नग. अकरा वर्षं ती तिथे आहे. तुम्ही सगळ्यांनी तिची टिंगल केली आहे, मीही केली. लेखापरीक्षक दर मार्चला डोकं आपटून गेले. तो नग आला कुठून, असं कधी कुणी विचारलं का?

त्या वर्षी खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांची रेषा कड्यावरून दगड सुटावा तशी कोसळत होती. फोनने त्यांना गिळलं होतं. बंद करायचे की नाही, हे बाईंच्या अहवालावर ठरणार होतं. सगळ्या जिल्ह्यांत एकच घसरण. फक्त हिनोसावा खोऱ्यातल्या एका दुकानाची रेषा सरळ. महिन्याला दोन, तीन, एक, तीन. गावात माणसं जेमतेम चारशे, तीही पिकली पानं. बाई म्हणाल्या, "ही एक रेषा मला कळत नाही. मग बाकीच्या कळल्या असं कोणत्या तोंडाने लिहू?"

आम्ही तिघे गेलो. बाई, मी, आणि त्या भागाचा विक्रेता इवासे, जो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे.

दुकान त्सुरुमाकी आजींचं. आजींनी चहा दिला, नोझावानाच्या पाल्याचं लोणचं पुढे केलं. बाईंनी विचारलं, "आजी, घेतं कोण हे?"

"निघालेली माणसं," आजी म्हणाल्या. "आपल्यामागे देव्हाऱ्यात ठेवायला फोटो लागतो ना. येतात, कॅमेरा घेतात, शेजाऱ्याकडून एक फोटो काढून घेतात. झालं."

"म्हणजे आजारी माणसं?"

"सगळी कुठली! शाळेतल्या बाई चाळिशीच्या होत्या. साधा खोकला नव्हता. म्हणाल्या, उगाच घ्यावासा वाटला. पुढच्या महिन्यात दरड आली."

बाईंनी पिशवीतून गावाची पत्रकं काढली. निधनाच्या बातम्या त्यांनी आधीच मिळवल्या होत्या, मला न सांगता. सात वर्षांची विक्री आणि पुढच्या महिन्यातले मृत्यू, दोन्ही ओळी त्यांनी एकाखाली एक मांडल्या. एकाही आकड्याचा फरक नव्हता. माझ्या हातातला चहा निवून गेला होता.

"पण तुम्ही तर एक तारखेलाच मागणी लिहिता," बाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक यायच्या आधी. आकडा कळतो कसा?"

"मी कुठे ठरवते, पोरी? हात लिहितो."

त्या महिन्यात आजींनी तीन मागवले होते. दोन गेले होते. तिसरा फळीवर होता, आणि तारीख होती एकतीस.

आता विक्री खात्यातली आपली सवय मी या सभागृहात वेगळी सांगायला नको. महिनाअखेर आली, उद्दिष्टाला एक कमी पडला, की विक्रेता स्वतःच घेऊन मोकळा होतो. इवासे तर त्यात पटाईत. घरी सहा कॅमेरे, लग्नाचे फोटो मात्र मेहुण्याने काढलेले. तो हसत पुढे झाला. "आजी, द्या तो इकडे. तुमचंही भलं, माझंही भलं." आणि त्याने पाकीट काढलं.

बाईंनी त्याच्या हातावर फटका मारला. इतक्या वर्षांत त्यांनी कुणावर हात उचललेला मी तेवढा एकदाच पाहिला. "हा विकायचा नाही," त्या म्हणाल्या. "कंपनी परत घेते आहे. हातानाका, परतीच्या मालाचा कागद काढ."

आजींनी खोकं फळीवरून काढून बाईंच्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "परत कुणी नेला नाही आजवर. ने. पण विकला जाऊ देऊ नकोस हो."

येताना घाटात गाडीपुढे हातभर अंतरावर शिळा पडली. इवासे म्हणाला, "वाचलो बुवा!" आणि शीळ घालत गाडी मागे घेऊ लागला. बाईंच्या मांडीवर ते खोकं होतं. मी शेजारी होतो. सुवा येईपर्यंत त्यांनी त्यावरचे हात काढले नाहीत.

पुढच्या महिन्यात हिनोसावात दोनच माणसं गेली. आजींची शेवटची मागणी त्याच वर्षी, कॅमेरा बंद व्हायच्या आधी आली, एका नगाची. ती त्यांची स्वतःची होती.

इवासे, मान खाली घालू नकोस. तुला हे चारचौघांत कळतंय, त्याबद्दल तुझी आणि वहिनींची मी माफी मागतो.

गेल्या शुक्रवारी बाईंनी आपला शेवटचा अहवाल माझ्या टेबलावर ठेवला. तळाची ओळ बदललेली होती. शिल्लक शून्य. विकला. ग्राहक : कुरामोची सेत्सुको.

मी विचारलं, "बाई, हे काय?"

"मी गेल्यावर हे लचांड तुझ्या गळ्यात कशाला? एक ना एक दिवस कुणीतरी भंगारात काढेल, नाहीतर लिलावात विकेल. इवासेच्या मुली अजून शाळेत आहेत."

"आणि तुम्ही?"

"माझं बघून झालंय सगळं."

मी कनिष्ठ. वाकून नमस्कार केला आणि अहवाल ठेवून घेतला. घरी जाऊन मात्र रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

परंतु अध्यक्ष महाराज, आज सकाळी नऊ वाजता बाईंच्या विभागाचा कार्यभार रीतसर माझ्याकडे आला. अहवाल अजून वर गेलेला नव्हता. खोकं मी पाहिलं, अजून ऑफिसच्या कपाटातच आहे, मोहोर शाबूत. माणसाने पिशवीत घालून नेला तर विकला, तोवर शिल्लक. हे मला कुणी शिकवलं, ते त्यांनीच आठवावं. विभागप्रमुख म्हणून मी पहिली सही त्या ओळीखाली केली. शिल्लक, एक नग.

बाई, माझ्याकडे असं बघू नका. तुम्ही गावी जा, बटाटे लावा, आमच्या चुका काढायला अधूनमधून फोन करा. खूप वर्षं करा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. बोलण्याच्या भरात मान-पान चुकला असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. अहवालातल्या त्या ओळीत मात्र चूक आहे, हे मला ठाऊक आहे. माझ्यानंतर जो कुणी या खुर्चीत बसेल त्याला हात जोडून विनंती, ती दुरुस्त करू नका.