पाचव्या फेरीआधीची वीस मिनिटं

वडील : पंच म्हणाला ना, तू जिंकलीस? मग आपण इथे मागच्या खोलीत काय करतोय?

मुलगी : जिंकले नाही, बाबा. त्याचं मशीन बंद पडलं. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

वडील : बाहेर फळ्यावर तुझं नाव पुढे सरकवत होते. फायनल म्हणे. अकरा वर्षं सुट्टीच्या दिवशी खोलीचं दार लावून बसलीस, ते ह्याच्यासाठीच ना?

मुलगी : ह्याच्यासाठीच. म्हणूनच बसा. तुमची हत्यारांची पिशवी कुठंय?

वडील : खांद्याला. आणखी कुठे असणार?

मुलगी : उघडा. आणि हा बघा, चिमटा. म्हणजे व्हिडिओ गेममधलं नाव चिमटा. आठ वर्षं आम्ही एकमेकांविरुद्ध आपापल्या घरून खेळतोय, समोरासमोर आज पहिल्यांदा बसलो. चिमट्या, हे माझे बाबा. चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं.

चिमटा : नमस्कार, काका. हात मिळवायचा तर डावा देतो. उजव्यातलं बरंचसं करवतीला दिलंय.

वडील : अरे रे. किती बोटं गेली?

चिमटा : मधली तीन. अंगठा आणि करंगळी राहिली. दोन्ही जवळ आली की झाला चिमटा. सुतार आहे मी, अजूनही तेच काम करतो. करवतीला मात्र आता मी जरा अंतर ठेवून असतो.

वडील : आणि हिचं नाव काय तुमच्यात?

चिमटा : गोगलगाय.

वडील : गोगलगाय! आजोबांनी हौसेनं नाव ठेवलं, ते टाकून गोगलगाय!

मुलगी : लोकांनी चिडवायला ठेवलं. मी हळू खेळते म्हणून. मग मीच लावून घेतलं, चिडवणाऱ्यांची मजाच गेली. बाबा, वीस मिनिटं आहेत आपल्याकडे. नियमाप्रमाणे पाच. समोरच्या खेळाडूची हरकत नसेल तर पंधरा वाढवून मिळतात.

वडील : आणि समोरची खेळाडू कोण?

मुलगी : मी.

वडील : म्हणजे तूच वाढवून दिलीस. दोन-दोन अशी बरोबरी, पाचवी फेरी बाकी, त्याचं मशीन बंद, आणि तू बापाला सांगतेस की दुरुस्त करून द्या, म्हणजे तो मला हरवेल. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला बाप कशाला लागतो?

मुलगी : धोंडा उचलायला मी आहे. सोल्डरिंग तुम्हाला येतं.

चिमटा : काका, मी तिला सांगितलं, जाऊ दे म्हणून. नियम आहे, नियमानं गेलो. ऐकेल तर ना.

वडील : बाहेर दुसरी मशिनं पडलीत की. त्यातलं एखादं घे.

चिमटा : ती दहा बोटांची आहेत, काका. ही बटणांची पेटी मी माझ्या हाताच्या मापानं केलीय. उडीचं बटण करंगळीखाली, माराचं अंगठ्याखाली, बाकी सगळी डाव्याला.

वडील : आण इकडे. हं. लाकडाचे सांधे सुरेख आहेत. बोट फिरवलं तरी कळत नाहीत.

चिमटा : धन्यवाद.

वडील : वायरिंगही तूच केलंस?

चिमटा : हो.

वडील : ते कळलं.

मुलगी : बाबा!

वडील : जे दिसतं ते बोलतो. हे बघ, ड्राय सोल्डर. हा टाका वरून चिकटलेला वाटतो, आतून सुटलाय. मार लागला की हलतो. तू चौथ्या फेरीत ठोकलंस जोरात, तेव्हाच गेला असणार. आणि एकच नाही, हा शेजारचाही वाटेवर आहे. सोल्डरिंगचं आयर्न मी आणलेलं नाही. दोन वर्षं झाली, पिशवीतून काढून ठेवलंय.

मुलगी : स्पीकरवाल्याकडून आणलंय मी. हे घ्या. लावलंय प्लगला, तापतंय.

वडील : तू सगळं ठरवूनच आलीस.

मुलगी : पंचाशी बोलतानाच.

वडील : इकडे ये जरा. कानात सांगतो.

मुलगी : इथेच सांगा. त्याला ऐकू येऊ नये इतकी खोली मोठी नाही.

वडील : दुकान का बंद केलं, तुला माहीत आहे. हा हात बघ. कपाची बशी वाजते माझ्याकडून. एवढीशी जागा, शेजारी दुसरी वायर. चुकून दोन्ही जोडली गेली तर त्याची पेटी कायमची गेली. चारचौघांत मला कशाला...

मुलगी : इथे चारचौघं नाहीत. मी आहे आणि हा आहे.

चिमटा : काका, मी वायर धरतो. हा हात धरायला पक्का आहे. मी दिवसभर खिळे ह्यानंच धरतो. आणि तुमचं कोपर टेबलावर टेकवा, मनगट माझ्या मनगटावर ठेवा. आमच्याकडे बारीक कोरीवकाम असंच करतात.

वडील : चटका बसेल.

चिमटा : बसू दे. करवतीपेक्षा कमीच.

वडील : आयर्न तापायला चार मिनिटं लागतील. तोवर मला समजावा तुम्ही दोघं. पडद्यावर दोन बाहुल्या एकमेकींना बडवतात. त्यात असं काय आहे, की लोक उभं राहून ओरडतात?

मुलगी : बुद्धिबळात काय असतं? लाकडाचे तुकडे सरकवतात.

वडील : त्यात डोकं लागतं.

मुलगी : ह्यात डोकं लागतं, आणि ते एका सेकंदाच्या आत लागतं. बाबा, ह्या खेळाला बारा वर्षं झाली. दिसायला ओबडधोबड आहे, कबूल. नवीन गेम बघा तुम्ही, गवताची काडी न् काडी हलते, माणसाच्या कपाळावरचा घाम दिसतो. आणि आत शिरलं की समोर काय? दुकान! टोपी घ्या, तलवार घ्या. रोज या, हजेरी लावा, एक दिवस चुकलात तर बक्षीस बुडेल. मी गोदामात हजेरी लावते ना रोज? घरी येऊन आणखी कुणाची लावू? ह्या खेळात काही विकत मिळत नाही. जे त्याच्याकडे, तेच माझ्याकडे. हरलं की का हरलो ते कळतं. दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागाच नाही.

चिमटा : काका, तिला ह्या विषयावर सुरू करू नका. एकदा तिनं आमच्या गटावर चार पानं लिहिली होती. नुसत्या उडीवर.

मुलगी : नवीन भागात उडी बिघडवली होती गेम बनवणाऱ्यांनी! माणूस कागदासारखा वर जायचा. उडी मारली की अंगाचं वजन जाणवलं पाहिजे. मी दिवसभर फोर्कलिफ्टवर माल उचलते, वजन म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको.

वडील : मग? सुधारली का?

मुलगी : सुधारली. तीन महिन्यांनी.

वडील : तुझ्या लिहिण्यावरून?

मुलगी : आम्ही पुष्कळ जण ओरडत होतो.

चिमटा : ओरडत आम्ही होतो. लिहिलं हिनं.

वडील : आणि ती जाडी बाई का घेतेस तू खेळायला? हातात वल्हं घेतलेली? बाकी सगळे कसे चपळ चपळ घेतात.

मुलगी : तिला कुणी घेत नाही म्हणून. जागची हलत नाही पटकन, पण तिचं वल्हं लांब पोचतं. समोरचा धावत येतो, आपण फक्त तो कुठे येणार ते आधी ओळखायचं. मला घाई करणारे खेळाडू आवडतच नाहीत.

चिमटा : मी घाईच करतो.

मुलगी : म्हणून तर आठ वर्षं मजा आली.

वडील : ह्याची तुझी ओळख कशी झाली?

मुलगी : पहिली तीन वर्षं मी माइक लावतच नव्हते. बाईचा आवाज ऐकला की सुरू व्हायचं यांचं. भाकऱ्या बडव, भावाला खेळू दे, नाही नाही ते. हरले की बाई म्हणून हरले, जिंकले की समोरच्यानं सोडलं. मी गप्प खेळायचे. एकदा चुकून माइक चालू राहिला आणि मी शिंकले.

चिमटा : मी विचारलं, गोगल्या, तुझी बहीण आलीय का रे?

मुलगी : मी म्हटलं, मीच आहे. मला वाटलं, गेलाच हा.

वडील : मग हा काय म्हणाला?

मुलगी : म्हणाला, बरं, मघाशी तू मला कोपऱ्यात कसं अडकवलंस ते परत दाखव.

वडील : हं. अवघड आहे म्हणजे तुमचा खेळ.

मुलगी : असायलाच हवा. अवघड नसेल तर जिंकण्यात काय राहिलं? माझं म्हणणं एवढंच, खेळ अवघड असावा, खेळात शिरणं अवघड नसावं. आमच्यातल्याच काही शहाण्यांना हे कळत नाही. त्यांना वाटतं, आपण दारात उभे राहिलो म्हणजे घर आपलं.

चिमटा : काका, ही सांगणार नाही, मी सांगतो. माझी ही पेटी स्पर्धेत चालणार नाही म्हणाले. घरी केलेली, म्हणजे लबाडी. दोन वर्षं मी घरी बसून दुसऱ्यांचे सामने बघितले. हिनं आयोजकांना पत्रं लिहिली. सतरा. मला सांगितलंही नाही. यंदा नियम बदलला तेव्हा त्यांच्याच माणसानं मला ती दाखवली.

मुलगी : तुला समोर बसवून हरवायचं होतं मला. घरी बसलास तर कशी हरवणार?

वडील : सतरा पत्रं?

मुलगी : पहिल्या नऊंना उत्तरच आलं नाही. बाबा, आयर्न तापलं.

वडील : दिसतंय मला. चल रे सुतारा, धर वायर. अशी नाही, टोकापासून लांब. हां. आणि तू दिवा धर. मोबाइलचा नको, त्याची सावली पडते. तो टेबलावरचा खाली ओढ. आता कुणी बोलू नका.

मुलगी : अकरा मिनिटं आहेत.

वडील : बोलू नका म्हटलं ना.

चिमटा : मनगट टेका, काका. पूर्ण भार टाका.

वडील : टाकलाय. श्वास रोख. हां, हां. सोडू नकोस, गार होऊ दे. फुंकर घालायची नाही, फुंकर घातली की पुन्हा ड्राय होतो. तुला हे कुणी शिकवलंच नाही म्हणून झालं हे सगळं. हं. सोड.

मुलगी : झालं?

वडील : एक झाला. दुसरा करतो.

मुलगी : दुसरा अजून चालू आहे की.

वडील : आज चालू आहे. तू याच्याशी नीट खेळणार म्हणतेस ना? मग पेटी पण नीट पाहिजे. धर रे. आणि हा बघ, हाताला कळलंय वाटतं काय करायचं ते. हं. सोड. लाव झाकण, दाबून बघ सगळी.

चिमटा : उडी लागली. मार लागला. काका, आधीपेक्षा हलकं चालतंय!

वडील : चालणारच. जा आता दोघं. मी आवरून येतो, पुढच्या रांगेत जागा धरा माझ्यासाठी.

(अर्ध्या तासानंतर. तीच खोली, तेच तिघे. बाहेरून अजून टाळ्यांचा आवाज येतो आहे.)

वडील : शेवटी मागे का सरकलीस?

मुलगी : बाबा, पाणी तरी पिऊ द्या.

वडील : पी. पण मागे का सरकलीस? त्याच्या बाहुलीत केसाएवढा जीव उरला होता, तुझ्याही तेवढाच. वल्हं लांब पोचतं म्हणालीस. तो उडी घेणार हे मला दिसत होतं, मला! त्याची करंगळी आधी उचलली जाते.

चिमटा : काका, ही माझी खोड कुणाला सांगू नका, फायनल आहे माझी.

मुलगी : मला वाटलं, तो मला फसवण्यासाठी थांबेल. आठ वर्षांत ह्यानं शेवटची उडी कधी सरळ मारलेली नाही.

चिमटा : म्हणूनच मारली.

मुलगी : छान मारलीस. खरंच. तोंडावर हसू येत होतं माझ्या, मार बसला तेव्हा.

वडील : हरल्यावर हसतात का?

मुलगी : का हरले ते कळलं ना, बाबा. मागे सरकले म्हणून हरले. बस. मशीन बंद पडलं म्हणून जिंकले असते, तर उद्या गोदामात कुणी विचारलं असतं कशी जिंकलीस, तर काय सांगितलं असतं मी?

वडील : तुम्हाला दोघांना एक सांगतो. आमच्या गल्लीत समोरच दुसरा मेकॅनिक होता. चांगला होता हाताला. एकदा त्याचा वायरी तपासायचा मीटर बिघडला, तर माझ्याकडे मागायला आला. दोन दिवसांपुरता. माझ्याकडे दोन होते. मी म्हटलं, नाही माझ्याकडे. तो गेला, आणि त्याची गिऱ्हाइकं दोन दिवस माझ्याकडे आली. मला वाटलं, धंदा असाच करायचा असतो.

मुलगी : हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

वडील : सांगण्यासारखं काय आहे त्यात? आज पुढच्या रांगेत बसलो होतो, तर शेजारचा एक जण दुसऱ्याला सांगत होता, ती बघ, तिनं स्वतः त्याचं मशीन दुरुस्त करून घेतलं. सगळा हॉल उभा राहिला तेव्हा मला वाटलं, ह्या सुतारासाठी. मग बघतो, तर अर्धे जण तुझ्याकडे बघून टाळ्या वाजवतायत. हरलेलीकडे बघून.

चिमटा : अर्ध्याहून जास्त, काका. मला जरा रागच आला.

वडील : मी त्या शेजारच्याला सांगितलं, माझी मुलगी आहे म्हणून. त्यानं विचारलं, तुम्ही शिकवलंत का तिला? मी म्हटलं, नाही बाबा. आमच्या घरात हे तिचं तिनंच आणलं.

मुलगी : बाबा, असं काही बोलू नका, मला अजून एक सामना बघायचाय डोळे पुसल्याशिवाय.

चिमटा : मला बोलावतायत. काका, निघणार तुम्ही, की थांबाल?

वडील : थांबणार तर. पेटी माझ्या हातची आहे, जबाबदारी आहे माझी. जा. आणि माराच्या बटणावर जोर कमी लाव.

मुलगी : चला, जागा जाईल आपली. फायनलमध्ये कुणाच्या बाजूनं बसणार तुम्ही? ह्याच्याच ना?

वडील : तुझ्या.

मुलगी : मी खेळत नाहीये, बाबा.

वडील : माहीत आहे मला. चल.