फक्त दोन मिनिटांचा निरोप

…दोन मिनिटं म्हणे! नाही, तुम्हीच सांगा मला, मराठी बाईला फोन लावून, "वादळ येतंय, पाणी भरून ठेव," एवढंच बोलून, दोन मिनिटांत फोन खाली ठेवता येतो का हो? ठेवून बघा एकदा! वर्षभर हळदीकुंकवाला बोलावणार नाही कोणी! पण इथे परदेशात आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष जगन्नाथराव, त्यांना हे कोण समजावणार? या ऑगस्टमधलं सांगतेय, एटी-थ्रीच्या हरिकेनचं. सकाळीच त्यांचा फोन, आवाज असा की सीमेवर सैन्य निघालंय. "वीणावहिनी, हरिकेन सरळ आपल्यावर येतंय! शुगर लँड गावातल्या आपल्या सगळ्या घरांना कळवायचं काम तुमच्याकडे. निरोप द्यायचा आणि फोन ठेवायचा. दोन मिनिटं!" आणि एवढं सांगायला स्वतः किती घेतली? माझा वरणाचा कुकर झाला, गार झाला, उघडला, तरी चालूच!

बरं, आमच्याकडे फोन एकच. स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला, वेटोळ्यांची लांब वायर. त्यावर एक माणूस बोलायला लागला की बाहेरच्याला नुसतं टुंई टुंई. आणि तिकडे टीव्हीवर तो बाह्या दुमडलेला माणूस घसा फोडून सांगतोय, बॅटऱ्या आणा, बाथटब भरा, खिडक्यांपासून लांब राहा, आणि ट्रेलरमध्ये राहणाऱ्यांनो, तुम्ही तर आत्ताच्या आत्ता बाहेर पडा!

ट्रेलर म्हटलं आणि मी फोनकडे धावलेच. कारण नंदू.

नंदू आमच्या नात्यातला नाही हो. सांगलीचा मुलगा, इथे पीएचडी करतो. राहायला कुठे, तर खाडीच्या बाजूला, एका ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरात, भाडं कमी म्हणून. टीव्ही नाही, रेडिओ नाही, दिवसभर लॅबमध्ये डोकं खुपसून बसायचं. मागच्या खेपेला सांगलीला गेले तेव्हा त्याच्या आईने माझ्या हातात मेतकुटाची बरणी ठेवली आणि म्हणाली, "माझ्या नंदूवर लक्ष असू द्या." मेतकूट तर आम्ही संपवलं. मग लक्ष नको ठेवायला?

म्हणून पहिला फोन त्यालाच लावला. वाजतोय, वाजतोय… उचलत नाही. लॅबमध्ये असणार! आणि तिथला नंबर माझ्याकडे नाही. म्हटलं, बाकीच्यांना पटापट निरोप देऊ आणि मध्ये मध्ये त्याला लावत राहू. पटापट! माझी मेलीची काय ही कल्पना!

सुलभाला लावला. "सुलभा, वादळ येतंय, बाथटब पाण्याने भरून ठेव."

"कशाला?"

"नळ गेला तर प्यायला."

"टबातलं प्यायचं? जिथे आमचे हे टाचा घासतात, तिथलं?"

"अगं, आधी घासून घे."

"कशाने घासू?"

आता यात दोन मिनिटं कशी पुरणार हो? साबणाने घासलं तर पाण्याला वास लागतो, व्हिनेगरने घासलं तर तिच्या नाकाला चालत नाही… शेवटी लिंबावर तडजोड झाली. मी फोन ठेवणार, तेवढ्यात बाई ओरडली. "वीणा, लाइट गेले तर माझ्या फ्रीजरचं कसं गं होणार? गणपतीचे सगळे नारळ खवून ठेवलेत!" म्हणजे बघा! घराचं छप्पर उडेल याची काळजी नाही, खोबऱ्याची! पण तुम्हाला खरं सांगते, ते ऐकल्यावर मलाही माझं खोबरं आठवलं. मग दोघींनी ठरवलं, लाइट आहेत तोवर वड्या करून टाकायच्या. आता साखर किती, हे नको बोलायला?

शेजारी आमची दीपा डोळे फिरवत उभी. "आई, जस्ट हँग अप!"

"असं कसं हँग अप करू? सुलभामावशीचा पाक बिघडेल!"

आणि आमचे हे? हे इंजिनियर. खिडक्यांवर टेपच्या फुल्या मारत होते, पट्टी लावून, कोन मोजून! म्हटलं, अहो, वादळ काय मार्क देणार आहे का?

फोन ठेवला आणि नंदूला लावायला बोट घातलं, तर ट्रिंग! जगन्नाथराव. सुपरमार्केटच्या कागदी पिशवीवर वादळाचा नकाशा छापून येतो ना इथे, ती पिशवी भिंतीवर लावून त्यात टाचण्या खोचत बसले होते.

"वहिनी, टाचणी हलली!"

"कुठे हलली?"

"पाव इंच! उत्तर-पश्चिम!"

आता मी त्या पाव इंचाचं काय करू? कणकेत मिसळू? पण नाही, टाचणी हलली की फोन. आणि वर मलाच, "वहिनी, तुमचा फोन सारखा एंगेज कसा? दोन मिनिटं म्हटलं होतं ना?"

मग मीनाक्षी. तिने सगळं ऐकून घेतलं, बॅटऱ्या, टब, खिडक्या, अगदी शांतपणे. मी म्हटलं, चला, एक तरी शहाणी भेटली! तर म्हणते, "बरं, तो नंदू कसा आहे गं मुलगा? माझी भाची रुपाली आहे तिकडे चँडलर गावात, लग्नाची…"

"मीनाक्षी, तो ट्रेलरमध्ये आहे! आधी जिवंत राहू दे त्याला!"

"हो, ते तर झालंच. पण उंची किती?"

बाहेर वारा सुटला होता. मागच्या अंगणातली पत्र्याची खुर्ची आपल्या पायांनी चालत कुंपणापाशी गेली. मी नंदूला लावला, तर एंगेज! जीव भांड्यात पडला माझा. म्हणजे लॅबमधून घरी आलाय! परत लावला, एंगेज. पुन्हा, एंगेज. अरे पोरा, अंगावर वादळ आलंय आणि तू गप्पा कोणाशी मारतोयस? तेवढ्यात टाचणी हलली. ती ऐकून घेतली, पुन्हा नंदूला लावला… आणि आता नुसता वाजतोय. उचलत नाही!

तुम्हाला सांगते, तेव्हा मात्र मला सांगलीची ती मेतकुटाची बरणी दिसायला लागली. त्या माउलीला काय सांगू? सगळ्यांना निरोप दिला, टाचांपासून पाकापर्यंत दिला, फक्त तुमचाच राहिला? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, टेप खाली ठेवली आणि रेनकोट चढवला. गाडीची किल्ली घेतली. आणि दारावरची बेल वाजली.

दारात नंदू! ओलाचिंब. एका हातात राइस कुकर, काखेत कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळलेला थीसिस.

"काकू, तुम्ही बऱ्या आहात ना? घरी आल्यापासून फोन लावतोय, सारखा एंगेज! म्हटलं, रिसीव्हर पडलाय, तुम्हाला नाहीतर काकांना काहीतरी झालंय. म्हणून बघायला आलो."

"अरे, तुला वादळाचं कळलं ना?"

"कसलं वादळ? हां, पाऊस आहे खरा."

मी त्याच्या हातातला राइस कुकर घेतला आणि त्याला आत ओढला.

मग काय, लाइट गेले, फोनही गेला, आणि आम्ही चौघं हॉलवेत गाद्या टाकून खोबऱ्याच्या वड्या खात बसलो. झाडं मोडत होती कडाकड, आणि नंदू दीपाला थीसिस समजावत होता. वादळ गेल्यावर हे त्याला ट्रेलर बघायला घेऊन गेले, मीही गेले. ट्रेलर आडवा पडला होता, पलीकडच्या शेतात. खाट छपरावर आदळलेली. नंदूने खाली वाकून एक चप्पल उचलली, बघितली, परत ठेवली.  

आणि मंडळात जगन्नाथराव माइकवर काय म्हणाले? "वीणावहिनींचा निरोप वेळेवर पोचला म्हणून एक जीव वाचला!" अहो, निरोप पोचलाच नाही म्हणून वाचला! सांगायला उठले, तर म्हणतात, "वहिनी, थोडक्यात. दोन मिनिटं!" बसले खाली.

नंदू आता आमच्याकडेच राहतो. गुणी मुलगा, ताट स्वतः घासतो. फक्त एकच झालंय. मीनाक्षीने रुपालीला आमचा नंबर दिला. तेव्हापासून फोनची वायर कोठीघराच्या दाराखालून आत गेलेली असते आणि दार बंद. परवा मला सुलभाला साधं विचारायचं होतं, वड्या उरल्यात का म्हणून. दार वाजवलं. आतून आवाज आला, "काकू, फक्त दोन मिनिटं!"

खुर्ची ओढली आणि दोन वाट्या शेंगा सोलायला घेतल्या. माहीत आहे ना मला, दोन मिनिटं म्हणजे किती!