शोरूमच्या दारात काढलेली चप्पल

मी मूळचा न्हावऱ्याचाच. बाप न्हावऱ्याचा, आजा न्हावऱ्याचा, आन् आमची वस्ती गावाच्या कडंला, विहाराच्या मागं. नाव बाळासाहेब. सणसवाडीला कंपनीत मी स्टोअरला हाय, तिथं मला सगळी बाळासाहेब म्हणत्यात, बिहारकडची पोरं तर साहब म्हणत्यात, पर गावात मी बाळ्या. सत्तेचाळीस वर्षांचा झालो, डोक्यावर केस ऱ्हायले न्हाईत, तरी बाळ्याच. त्याचं मला कवा वाईट वाटलं न्हाई, आता जरा वाटतं, का ते सांगतो.

माझं काम आकड्याचं. माल किती आला, किती गेला, किती ऱ्हायला. संध्याकाळी हिशेबात एक वॉशर कमी आला तर मी घरी निघत न्हाई. घरात बी तसंच, गॅसची टाकी कवा लावली न् किती पुरली, मला तोंडपाठ. बायको म्हणती, तुमच्याशी लगीन म्हंजी रोजचं ऑडिट. म्हणू द्या. आकडा खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतो, एवढं मला कळतं. आन् एवढं कळून मी जे केलं, त्याची लाज वाटती, म्हणून तर तुम्हाला सांगायला बसलो.

आधी बापाचं सांगू द्या, त्याबिगर पुढचं कळायचं न्हाई. माझा बाप आप्पांच्या मळ्यात कामाला व्हता. म्हंजी आप्पांच्या वडलांच्या. आप्पा म्हंजी आमच्या गावातले मोठे बागायतदार, ऊस, कांदा, गोठा, सोसायटीत शब्द चालतो त्यांचा. तवा ते जवान व्हते. शनिवारी मजुरी आणायला बाप जायचा, मी बोट धरून मागं. त्यांच्या ओट्याच्या खाली बाप चप्पल काढायचा आन् उभा ऱ्हायचा. काढ असं कुणी म्हणायचं न्हाई, खरं सांगतो, त्यांच्यातलं कुणी कवा म्हटल्याचं मला आठवत न्हाई. बाकीचे गडी चप्पल घालूनच ओट्यावर टेकायचे, बाप खाली उभा. उन्हानं फरशी तापलेली असायची, तो एक पाय उचलायचा, दुसरा उचलायचा. मी एकदा इचारलं, आबा, चप्पल का काढता? तर म्हणाला, सवय हाय. मग वाटंनं म्हणाला, तू शीक, तुला लागायची न्हाई ही सवय.

शिकलो मी. बारावी झालो, स्टोअरला लागलो, घर बांधलं. मला वाटलं, संपलं ते.

आता पोरीचं. प्रणाली. थोरली माझी. डिप्लोमा केला आन् माझ्याच पट्ट्यात सणसवाडीला दुसऱ्या कंपनीत क्वालिटीला लागली. तिच्या कंपनीची बस शिक्रापूरच्या अलीकडं येत न्हाई. फर्स्ट शिफ्टला पोचायचं तर आमच्या इकडनं यष्टीचा मेळ बसत न्हाई. मी सोडायचो माझ्या जुन्या गाडीवर, पर माझी शिफ्ट आन् तिची शिफ्ट जुळायची न्हाई, मग कवा टमटम, कवा कुणाचा टेम्पो. शेवटी ती म्हणाली, पप्पा, मी गाडी घेते. मी म्हणलो, स्कूटर घे. ती म्हणाली, तळेगाव ढमढेऱ्याच्या रस्त्याला खड्डे बघितलेत का, स्कूटरचं चाक मावतं त्यात, मोटरसायकलच घेणार. वस्तीत बाया हसल्या, पोरगी गियरची गाडी मारणार म्हणून. पैसे तिचे. तिनं पगारातनं साठवलेले. माझा त्यात एक रुपाया न्हाई, हे ध्यानात ठेवा.

प्रणाली माझ्यावर गेली. दौंडला तिची मावशी ऱ्हाती, तिच्याकडं गेली तवा तिनं तिथल्या शोरूममधी भाव काढला. मग शिरूरला काढला. गाडीची किंमत दोन्हीकडं सारखी, पासिंग न् टॅक्स सारखा, इन्शुरन्समधी शे-दोनशेचा फरक. पर शिरूरला खाली एक ओळ जास्त. हँडलिंग चार्ज, पंचवीसशे. दौंडला ती ओळच न्हाई. ती म्हणाली, पप्पा, हे हँडलिंग म्हंजी काय? मी म्हणलो, गोडाऊनमधनं शोरूमला आणायचा खर्च म्हणत्यात. ती म्हणाली, ते त्यांचं काम न्हाई का? तुमच्या स्टोअरमधनं माल लाईनला दिला तर तुम्ही लाईनवाल्याकडं पैसे मागता का? मी हसलो. खरंच हसलो, बरं वाटलं मला. मी म्हणलो, शिरूरलाच घेऊ, सर्व्हिसिंगला जवळ पडतं, आन् ती ओळ काढून घेऊ. ती म्हणाली, घेऊ की, मी बोलते.

इथं माझं चुकलं. आमच्याकडं एक रीत हाय. मोठी वस्तू घ्यायला एकट्यानं जायचं न्हाई, ओळखीचा माणूस घेऊन जायचं. गाय घ्या, गाडी घ्या, नळाची मोटर घ्या, ओळख पाहिजे. ओळखीनं घेतली म्हणलं की गावात वजन. मी आप्पांकडं गेलो. त्या शोरूमचा मालक त्यांच्या भावकीतला निघतो, मला ठाऊक व्हतं. आप्पा म्हणाले, अरं बाळ्या, सांगायचं न्हाई का आधी, उद्याच जाऊ, आपला शब्द हाय तिथं. माणूस वाईट न्हाई बरं का. स्वतःच्या गाडीतनं घेऊन गेले आम्हाला. वाटंनं प्रणालीला इचारलं, काय गं, पगार किती मिळतो? तिनं सांगितला. आप्पा म्हणाले, आमच्या पोरापेक्षा जास्त हाय की, आन् तो इंजिनेर हाय. मोठ्यानं हसले. मी बी हसलो.

शोरूम शिरूरला बायपासकडं हाय. मोठ्या काचा, फरशी अशी की तोंड दिसावं. आप्पा पुढं, त्यांच्या पायात बूट, शेतातनं आलेले, चिखल लागलेला. ते तसेच आत गेले. त्यांच्या मागं मी. आन् काय सांगू तुम्हाला, मी दारात चप्पल काढली.

कुणी म्हटलं न्हाई. पाटी न्हाई, काय न्हाई. आत दहा माणसं चपला-बूट घालून फिरत व्हती. माझा पाय आपोआप बाहेर आला. एसी चालू व्हता, फरशी गार, ती गार लागली तवा मला कळलं मी काय केलं. मागनं प्रणाली हळू म्हणाली, पप्पा, चप्पल घाला. मी म्हणलो, ऱ्हाऊ दे, फरशी खराब हुती. आता परत दारात जाऊन घालणं मला आणखी अवघड वाटलं. टेबलापुढं खुर्च्या व्हत्या. आप्पा बसले, प्रणाली बसली, मी उभा. सेल्सवाला म्हणाला, काका, बसा ना. मी म्हणलो, बरा हाय मी.

प्रणालीनं दौंडच्या भावाचा कागद काढला, म्हणाली, आमची सगळी बेरीज एक लाख सहा हजार शंभर होती, त्यात हे पंचवीसशे कशाचे ते सांगा, दौंडला घेत नाहीत. चांगलं बोलली, आवाज न चढवता. सेल्सवाला चुळबुळायला लागला. मी बघत व्हतो, अजून एक मिनिट गेलं असतं तर त्यानं ती ओळ काढली असती. तेवढ्यात आप्पा म्हणाले, थांब गं पोरी, असं भांडायचं नसतं. आन् मी, तिचा बाप, मी काय म्हणलो? मी म्हणलो, गप बस प्रणाली, आप्पा बोलतील.

तिनं दौंडचा कागद घडी करून परत पर्समधी ठेवला.

मालक केबिनमधनं बाहेर आला. आप्पा म्हणाले, हा आमचा बाळ्या. ह्याचा बाप आमच्या मळ्यात व्हता, लई इमानी माणूस. गरीब हाय, पोरीला गाडी घेतोय, जरा बघ. गरीब हाय म्हणाले. मी कंपनीत कायम हाय, माझं घर स्लॅबचं हाय, पैसे पोरीचे, एकरकमी, कुणाचं कर्ज न्हाई. पर मी मान हलवली. मालक म्हणाला, तुमचा शब्द म्हंजी काय, हँडलिंग माफ. त्यानं पेन घेऊन ती ओळ खोडली, आप्पांना दाखवली. आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, झालं का समाधान? मी हात जोडले.

मग नवा कागद आला. आप्पांनी बघितला, हँडलिंगपुढं शून्य, खूश झाले, चहा मागवला. मी उभ्यानंच बघितला. माझी नजर आधी बेरजेवर जाती, सवय हाय. बेरीज एक लाख सहा हजार आठशे. पंचवीसशे गेले आन् बेरीज सातशेनं चढली. वर बघितलं तर मधी नवी ओळ, ॲक्सेसरीज किट, बत्तीसशे. गार्ड, सीट कव्हर, टाकीचं कव्हर, असलं काय काय. कुणी मागितलं नव्हतं. आधीच्या कागदात नव्हतं.

एक वॉशर कमी आला तर घरी न जाणारा माणूस मी. मी वर बघितलं तर प्रणाली माझ्याकडं बघत व्हती. तिनं बी बघितलं व्हतं. आन् तिला कळलं की मला कळलंय. ती वाट बघत व्हती, पप्पा बोलतील म्हणून. आप्पा समोर बशीतनं चहा पीत व्हते, आत्ताच माफ करून दिलेलं, आता मी बोललो तर त्यांचा शब्द खाली पडतो. मी म्हणलो, ठीक हाय, भर पैसे. तिनं मोबाईलवरनं भरले. माझ्याकडं परत बघितलं न्हाई.

निघताना मालकानं पेढे दिले, नारळ दिला, चावी आप्पांच्या हातनं देवविली. फोटो काढला. त्यात गाडी, आप्पा चावी देतायत, प्रणाली घेतीय, आन् बाजूला मी, अनवाणी. तो फोटो आप्पांनी गावाच्या ग्रुपवर टाकला.

गाडी तिनंच चालवत आणली. मी मागं बसलो. दुसऱ्या दिवशी चौकात चहावाला म्हणाला, काय बाळ्या, आप्पांनी गाडी घेऊन दिली म्हणं. मी म्हणलो, व्हय, लई मदत झाली. असं म्हणलो मी. वस्तीत बी तेच झालं, विहारात एक म्हातारी म्हणाली, देवमाणूस हाय. पोरीनं शिफ्टा मारून घेतलेली गाडी, आन् गावभर आप्पांची गाडी झाली. ती मी केली, आप्पांनी न्हाई.

घरात प्रणाली नीट बोलायची. जेवलात का, औषध घेतलं का. पर हिशेबाचं काय इचारायची न्हाई. आधी पगाराची स्लिप आली की माझ्यापुढं ठेवायची, पप्पा, पीएफ बरोबर कापलाय का बघा. ते बंद झालं. त्याचं मला जेवढं लागलं तेवढं गावाचं लागलं न्हाई.

ते किट तिनं गाडीला बसवू दिलं नव्हतं. गोणीत तसंच कोपऱ्यात पडलं व्हतं, प्लॅस्टिक बी फोडलेलं न्हाई. पहिल्या सर्व्हिसिंगला ती एकटीच शिरूरला गेली, जाताना गोणी मागं बांधली. संध्याकाळी आली, आईच्या हातात बत्तीसशे रुपये ठेवले. आई म्हणाली, अगं, दिले कसे त्यांनी? प्रणाली म्हणाली, काय नाय गं, विचारलं, हे कुणी मागितलं होतं? आधी म्हणाले, बिल झालंय. मी म्हणलं, मग बिलावर माझी मागणी दाखवा. थोडा वेळ बसवून ठेवलं, मग दिले. आई म्हणाली, एवढ्यावर दिले? तर ती म्हणाली, चप्पल घालून गेले होते ना, आई.

आई हसली. तिला वाटलं पोरगी गंमत करती. मी भाकरी मोडत व्हतो, ती तशीच हातात ऱ्हायली. पोरीनं माझ्याकडं बघितलं, तिला बी वाटलं असंल जास्त झालं, म्हणाली, पप्पा, पाणी देऊ का? मी म्हणलो, दे.

बापानं मला शिकवलं ते ही सवय लागू नये म्हणून. मला लागली ते मला माहीतच नव्हतं. कुणी लावली न्हाई, मी ओट्याखाली बघून बघून उचलली. त्या दिवशी कुणी मला खाली उभं केलं न्हाई हो, मीच उभा ऱ्हायलो, आन् बोलणाऱ्या पोरीला बी उभं करायला निघालो व्हतो.

आता आमची शिफ्ट जुळली की ती मला कंपनीच्या गेटपर्यंत सोडती. ती पुढं, मी मागं, डबा मांडीवर. मागल्या आठवड्यात चौकात आप्पा उभे व्हते. त्यांनी हात केला, प्रणालीनं गाडी थांबवली. आप्पा म्हणाले, काय बाळ्या, आपली गाडी बरी पळतीय ना? मी खाली बघितलं. माझ्या पायात चप्पल व्हती, पाय फूटरेस्टवर. मला लई बोलायचं व्हतं, ते बत्तीसशे, ते गरीब हाय म्हणालात ते, सगळं. मी एवढंच म्हणलो, आप्पा, गाडी तिची हाय.

आप्पा हसले, म्हणाले, व्हय बाबा, तिचीच. त्यांना काय कळलं, काय न्हाई, ठाऊक न्हाई. कदाचित काहीच न्हाई. प्रणालीनं गियर टाकला. तळेगावच्या अलीकडं आरशातनं एकदा बघितलं तिनं माझ्याकडं. परवा पगाराची स्लिप आली तर टीव्हीजवळ ठेवून गेली. माझ्यापुढं न्हाई, टीव्हीजवळ. मी बघितली. पीएफ बरोबर व्हता.

माझं आता एवढंच म्हणणं हाय. तिला कुठं जाताना कुणाची ओळख बरोबर न्यायची पाळी येऊ नये. आन् माझी तर मुळीच न्हाई.