चित्रातली अक्षरं

नगरहून खर्ड्याला निघालेल्या एसटीत दीपा खिडकीशी बसली होती. मागच्या सीटवर काळा चष्मा लावलेली एक तरुणी आणि तिचे वडील होते. वडील मुलीला म्हणाले.

"साहेब कागदावर अर्ज घेतील, असं वाटलं हुतं मला."

"ऑनलाईनच पाहिजे म्हणाले. मुदत काल पाचला संपली."

"पन तू तर समदा भरला हुतास, नंदे."

"भरला होता. मोबाईल वाचून दाखवायचा, मी लिहायचे. शेवटी वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र आलं. ती ओळखून लिहिल्याशिवाय अर्ज जातच नव्हता, आणि मोबाईल नुसता 'चित्र, चित्र' म्हणत राहिला."

"म्हून मला हाक मारलीस."

"हो."

"लई डोळं फाडून बघितलं म्या. पन इंग्रजी अक्षर मला कुठं येतंय?"

"तुमची काय चूक, अण्णा?"

"पळत गावात गेलो. मास्तरांना घिऊन आलो, तवर पाच वाजून गेल्ते."

"राहू द्या आता."

"मला ती अक्षरं शिकीव. पुढच्या भरतीला मीच वाचून सांगन."

"पुढच्या भरतीला माझं वय बसत नाही, अण्णा."

"तरी शिकीव."

दीपानं वळून पाहिलं. मुलीनं वडिलांचा तळहात मांडीवर घेतला होता आणि ती त्यावर बोटानं गिरवत होती.

"हा ए. हा बी. डोळे गेले तेव्हा मी पहिलीत होते, तेवढं ध्यानात आहे. हा सी. हा डी. हा ई. हा एफ."

"आन् म्होरचा?"

बोट तळहातावर थांबलं.

"थांबा, अण्णा. आठवते."